मितभाषी काकूंच्या नावची शिष्यवृत्ती

फिटरकाकांनी काकूंच्या नावे शिष्यवृत्ती ठेवायचं ठरवलं, ही बातमी सगळ्यांत आधी मला लागली. यात माझं काही कौतुक नाही. आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही एका विटेची, आणि काका जन्मभर चालू पंपाशेजारी उभं राहून बोललेले. ते स्वतःशी पुटपुटले तरी आमच्याकडे कपातला चहा हलतो.

आधी आमच्या गावाचं हे शिष्यवृत्तीचं प्रकरण सांगायला हवं. गाव लहान. पुतळा उभारावा असं इथे कोणी काही केलेलं नाही, आणि केलं असतं तरी पुतळ्याला जागा नाही. त्यामुळे जुनं माणूस गेलं की घरचे शाळेत जातात आणि त्याच्या नावे एक शिष्यवृत्ती ठेवतात. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये समारंभ होतो. जन्मात शाळेचं तोंड न पाहिलेल्या मेंढपाळाच्या नावे पूर्ण हजेरीची शिष्यवृत्ती आहे. किराणावाल्याच्या नावे गणिताची आहे; तराजूला अंगठा लावूनही बेरीज बरोबर आणायची म्हणजे गणितच की. आणि जिच्या तोंडाला भिऊन कुत्रीसुद्धा गल्ली बदलायची, त्या दूधवालीच्या नावे उत्तम वर्तनाची. माणूस गेला की आमच्याकडे महिन्याभरात सज्जन होतो, आणि शिष्यवृत्ती लागली की थोर.

सुरुवातीला मुलं यायची, पाकीट घ्यायची, जायची. एकदा एका मुलाला कोणीतरी विचारलं, बाळा, कुणाच्या नावची मिळाली रे तुला? तो म्हणाला, बँकेच्या. पहिल्या रांगेत त्या गेलेल्या माणसाची बायको बसली होती. तेव्हा आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी, म्हणजे सरांनी, नियमच करून टाकला. ज्याला शिष्यवृत्ती मिळेल त्याने गावात घरोघर जाऊन त्या माणसाची माहिती काढायची आणि समारंभात उभं राहून सांगायची. घरच्यांनी लिहून दिलेलं चालणार नाही. गावाने जे सांगितलं तेच.

तेव्हापासून हॉलमध्ये बसायला जागा मिळत नाही. आपण गेल्यावर गाव आपल्याबद्दल काय बोलेल, याची रंगीत तालीम बघायला सगळेच येतात.

आता फिटरकाका. आसपासच्या विहिरींवर जेवढ्या मोटरी बसल्यात, त्यांतली एकही अशी नाही जिचं पोट काकांनी उघडलेलं नाही. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. आत तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास, आणि दाराशी जळालेल्या मोटरी ओळीने ठेवलेल्या, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या. काकांची तपासायची एक रीत. रोगी टेबलावर ठेवला की आधी उजव्या खांद्यावरचं फडकं काढून हात पुसायचे, हात स्वच्छ असले तरी. मग डोळे मिटून मोटरीला कान लावायचा. पान्याने दोनदा टकटक करायचं. बराच वेळ काहीच बोलायचं नाही. आणि मग डोळे उघडून, मोटर ज्याची असेल त्याच्याकडे फौजदारासारखं बघत विचारायचं, “याला आधी कोणी हात लावला होता?”

कोणीही हात लावलेला नसो, काकांच्या मते लावलेला असतोच. मोटर आपणहून बिघडते हे त्यांना मान्यच नाही. एकाने एकदा गमतीत म्हटलं, काका, मागच्या खेपेला तुम्हीच लावला होता. त्याची मोटर सगळा उन्हाळा काकांच्या ओट्यावर सुटी पडून राहिली, आणि तो बादल्या ओढून ओढून इतका बारीक झाला की त्याची बायको म्हणाली, आता चार लोकांत घेऊन जाण्यासारखे दिसताय.

गावात फिटर एकच. त्यामुळे गाव काकांना हसत नाही. निदान तोंडावर नाही.

आणि काकू? काकू म्हणजे चिमणीएवढं माणूस. काका कामाला बसले की टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर उभ्या. काका हात पुढे करत, काकू त्या हातात पाना ठेवत. तोंडातून शब्द नाही. शब्दाला जागा कुठे होती म्हणा! काका एकदा पहिल्या गिअरमध्ये पडले की चढ संपेपर्यंत थांबायचे नाहीत. नवीन गिऱ्हाइकांना तर वाटायचं, बाई बिचारी मुकी आहे.

पण काकांची स्कूटर कोणाच्या तरी विहिरीकडे निघाली आणि वळणापलीकडे तिचा आवाज विरला, की आमच्या स्वयंपाकघराच्या दारात काकू हजर. आत यायच्या. माझं भांडी पुसायचं फडकं उचलून डाव्या खांद्यावर टाकायच्या. एकदा मागे वळून बघायच्या, काका येत नाहीत ना. आणि मग समोर जे असेल, डबा, कुकर, माझ्या सासूबाई, त्याला डोळे मिटून कान लावायच्या. दोनदा टकटक. मोठी शांतता. आणि त्या चिमणीच्या गळ्यातून काकांचा तो घोगरा आवाज, फक्त कुजबुजीएवढा बारीक केलेला: “याला आधी कोणी हात लावला होता?”

मी हसून हसून भिंतीला टेकायचे. माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा बाळ सारखं रडायचं, मी रडायचे, सासूबाई रडायच्या. काकू आल्या, बाळाच्या पोटाला कान लावला, दोन बोटांनी टकटक केलं आणि आमच्या ह्यांच्याकडे बघून तोच प्रश्न विचारला. ह्यांचा चेहरा असा झाला की सासूबाई रडायच्या थांबल्या त्या थेट दुसऱ्या दिवशीपर्यंत.

अशी गोष्ट घरोघर होती. भाजीवालीकडे जाऊन काकूंनी कोबी तपासला होता. सरांचं ऑपरेशन झालं, घरात सगळ्यांची तोंडं पडलेली, तर काकू भेटायला गेल्या आणि खुद्द सरांच्या छातीला कान लावून डॉक्टरांबद्दल चौकशी केली. सरांचे टाके उसवतात की काय अशी वेळ आली. जिथे तोंडं पडलेली असतील तिथे काकू हमखास, आणि परत यायच्या त्या स्कूटरच्या आधी.

आणि मजा बघा. ज्या गावात कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या गावाने एवढी एक गोष्ट वर्षानुवर्षं पोटात ठेवली. पाण्याचा प्रश्न होता.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजारपण छोटंसं, कोणाला धावपळ करायला वेळही दिला नाही. त्यानंतर भिंतीपलीकडून मला काकांचं काम ऐकू यायचं. “पाना दे,” असं म्हणायचे. मग थोडा वेळ काही नाही. मग स्वतःच उठून खुडबुड करायचे.

असे काका एक दिवस धुतलेला शर्ट घालून सरांकडे गेले आणि काकूंच्या नावे शिष्यवृत्ती ठेवली. कोणाला द्यायची, असं सरांनी विचारलं. काका म्हणाले, जी मुलगी कमी बोलते तिला. आमची ही अशीच होती, शांत. सरांना एकदम खोकला आला. पण सर जुने शिक्षक, वर्गात हसू दाबायची सवय. त्यांनी शुद्ध भाषेत लिहून घेतलं आणि शाळेच्या फळ्यावर लावलं: मितभाषी विद्यार्थिनीस. फळ्यासमोर त्या दिवशी बायकांची जी गर्दी झाली! प्रत्येकीच्या तोंडावर रुमाल. काका लांबून बघत होते. मला म्हणाले, गावाला अजून रडू येतं गं हिच्या आठवणीने. मी म्हटलं, हो ना काका, आवरत नाही.

मुलगी निवडायला वेळ लागला नाही. शिंप्याची धाकटी. शाळेत तिला सगळे गप्पूच म्हणतात. हजेरी घेताना बाईंना मान वर करून तिला शोधावं लागतं, कारण “हजर” हा शब्दही तिला जास्त वाटतो. शिंपी म्हणतो, माप घ्यायला उभी केली तरी कुठे घट्ट होतंय ते सांगत नाही, आपणच ओळखायचं. तेव्हा निवड बिनविरोध झाली. टाळ्याही वाजल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता आमच्या ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हे म्हणाले, अहो, पण शिष्यवृत्ती घेणाऱ्याला भाषण करावं लागतं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गावातली सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी आम्ही शोधून काढली होती, भरल्या हॉलमध्ये उभं राहून बोलण्यासाठी. नियम मोडायचा तर तो सरांचा. आणि सरांनी दूधवालीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी ताप आलेल्या मुलालाही घोंगडीसकट उभं केलं होतं.

समारंभाला आठवडा उरला होता तेव्हा काका माझ्याकडे आले. स्टुलावर बसले. उगीचच हात पुसले.

“ती पोर तुझ्याकडे येईल.”

“येईल ना. येऊ दे.”

“काय सांगशील तिला?”

माझी वाचा बसली. माझी! मी कसंबसं म्हटलं, सांगीन की, काकू प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या.

“ते तर त्या दूधवालीबद्दलही सांगितलं होतं,” काका म्हणाले.

काका फडक्याची घडी घालत बसले. मग सांगायला लागले, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं ऐकायला जरा पुढे वाकावं लागलं. पोर सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच गेली होती. समोर बसली. काका दुपारभर बोलले. ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बोललो ते सगळं विहिरींबद्दल. कुठल्या विहिरीवर कुठली मोटर, कोणी कशी जाळली, आपण ती कशी उभी केली.

“हिच्याबद्दल आठवायला गेलो तर मला हिचं एक वाक्य आठवेना. ‘जेवायला वाढलंय’ एवढं आठवतं. ते काय हॉलमध्ये सांगायचं?” काका म्हणाले. “मी तिला बोलूच दिलं नाही बहुतेक. आता ती पोर उभी राहील, तिच्याकडे सांगायला काही नसेल, हॉल गप्प बसेल. म्हणजे आमची ही या गावात नव्हतीच, असं होईल. एवढं होऊ देऊ नकोस. तुला काही आठवलं तर सांग तिला. काहीही.”

मी मान हलवली. मला आठवत नव्हतं असं नाही हो. आठवत होतं म्हणूनच तर पंचाईत.

संध्याकाळी सरांच्या ओसरीवर आम्ही चार शहाणी माणसं जमलो. चार म्हणजे मी, आमचे हे, भाजीवाली आणि सर. प्रश्न असा होता की काकूंबद्दल गावाला जे माहीत आहे ते सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं ते कोणाला माहीत नाही. उन्हाळा तोंडावर. भाजीवाली म्हणाली, माझा सगळा मळा त्या एका मोटरीवर आहे, माझ्या कोबीचं नाव निघालं तर मी विहिरीत उडी घेईन, आणि विहिरीत पाणी असेल तरी ते वर कोण काढणार? शेवटी ठरलं. चांगले चांगले गुण आपसांत वाटून घ्यायचे. मला परोपकार आला, भाजीवालीला काटकसर, ह्यांना शांत स्वभाव. मोठा गुण म्हणून सरांनी त्याग स्वतःकडे ठेवला. बाकी अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवशी गप्पू आली. दोन वेण्या, मोठे डोळे, हात मांडीवर. मी चहा दिला, खाऊ दिला, आणि घडाघडा सांगितलं की काकू अतिशय परोपकारी होत्या, सदैव दुसऱ्याच्या उपयोगी पडायच्या.

पोरीने मान हलवली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि?”

मी म्हटलं, आणि अत्यंत परोपकारी होत्या.

ती बघतच राहिली. सांगते, बडबड्या माणसाला कसं तोंड द्यायचं ते मला ठाऊक आहे. जन्म त्यात गेला. पण गप्प माणूस समोर बसून तुमच्याकडे इतकं लक्ष देऊन बघायला लागला ना, की आत काहीतरी सैल होतं. फडकं तिथेच कट्ट्यावर पडलेलं होतं. मी स्वतःला म्हटलं, नुसतं उचलून ठेवते. उचललं ते खांद्यावर गेलं. पुढे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी कुकरला कान लावून उभी होते आणि ती पोर तोंडावर दोन्ही हात धरून हलत होती.

जाताना मी तिला बजावलं, हे सांगायचं नाही हं कुठे. तिने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे आपल्याला कळलंच नाही, असं नंतर माझ्या लक्षात आलं.

आणि मला वाटत होतं मी एकटीच घसरले. चौकशी केली तर भाजीवालीने कोबी काढून दाखवला होता. आमच्या ह्यांनी शांत स्वभावाबद्दल सांगता सांगता बाळाची गोष्ट सांगितली होती, वर स्वतःचा तेव्हाचा चेहराही करून दाखवला होता. सर सगळ्यांच्या वरचढ. सर म्हणे पलंगावर आडवे झाले आणि छातीला कान कसा लावला ते समजावं म्हणून सूनबाईंना हाक मारली. त्यागाचं नावही निघालं नाही.

समारंभाच्या दिवशी हॉल गच्च. खिडक्यांतसुद्धा माणसं. काका पहिल्या रांगेत, केसांना पाणी लावून, हात गुडघ्यांवर. त्यांच्या मागे आम्ही चौघांतले तिघे, चेहरे असे की जणू निकाल आमचाच लागायचाय. सर व्यासपीठावर. गणिताचा मुलगा आला, किराणावाल्याचा अंगठा अलगद टाळून बोलून गेला. हजेरीची मुलगी आली, मेंढपाळाबद्दल चार शब्द बोलली. मग सरांनी काकूंचं नाव घेतलं.

गप्पू चढली. माइकसमोर उभी राहिली. काही बोलेना.

हॉल वाट बघत होता. मी काकांची मान मागून बघत होते. ती हळूहळू खाली जात होती. सर बाजूने कुजबुजले, “प्रेमळ. म्हण, प्रेमळ.” माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं. पोरीने सरांकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी म्हटलं, परोपकार, परोपकार.

तिने फ्रॉकच्या खिशातून एक फडकं काढलं. शिंप्याच्या दुकानातली चिंधी असावी. ते डाव्या खांद्यावर टाकलं.

भाजीवालीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली.

पोरीने एकदा मागे वळून बघितलं. मागे तर भिंतच होती. पण ते बघणं असं होतं की हॉलमधल्या अर्ध्या बायकांच्या तोंडून आपसूक “काकू” असं निघून गेलं. मग ती पुढे आली, सरांच्या टेबलावरच्या चषकांपैकी सगळ्यांत मोठा उचलून समोर ठेवला, डोळे मिटले, त्याला कान लावला. दोन बोटांनी टकटक. शांतता. इतकी शांतता की वरचा पंखा ऐकू येत होता. मग डोळे उघडून तिने सरांकडे बघितलं आणि त्या बारीक घोगऱ्या आवाजात विचारलं.

हॉल कोसळला. म्हणजे छप्पर जागेवर होतं, माणसं कोसळली. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह निघाल्यासारखं सगळं एकदम बाहेर. आणि पुढच्याच क्षणी, जसं आलं तसं थांबलं. कारण काका उभे राहिले होते.

काका व्यासपीठाकडे चालत गेले. सर मध्ये पडायला उठले, पण काका वर चढलेच नाहीत. खाली, पोरीच्या समोर उभे राहिले.

“हे कोण आहे?” काकांनी विचारलं.

पोर म्हणाली, “काकू.”

“काकू काय करतायत?”

“तुमची नक्कल.”

माझ्या मागे कोणीतरी उन्हाळ्याच्या नावाने उसासा टाकला. काकांनी तिच्या खांद्यावरच्या चिंधीकडे बघितलं. मग म्हणाले, “परत कर.”

पोरीने परत केलं. कोणी हसलं नाही. काकांनी मान कलती करून सगळं बघितलं, चालू मोटर बघावी तसं. म्हणाले, “परत. मागे बघतेस तिथपासून.” तिने मागे बघितल्यापासून परत केलं. मग काका वळले आणि त्यांनी हॉलकडे तोंड केलं.

“हे आणखी कोणाकोणाला माहीत होतं?”

कोणी हलेना. मग माझ्या शेजारी आमच्या ह्यांचा हात वर गेला. हे असे वेळेवर प्रामाणिक होतात. मग माझा गेला. भाजीवालीचा गेला. शिंप्याचा, खिडकीतल्या लोकांचा, बघता बघता हॉलभर हात. काकांनी व्यासपीठाकडे वळून बघितलं तर सरांचाही हात वर, वर्गात उत्तर येत असल्यासारखा.

“म्हणजे मी एकटाच,” काका म्हणाले.

ते जागेवर येऊन बसले. पुढच्या मुलाला सरांनी बोलावलं, तो बोललाही, पण उत्तम वर्तनाबद्दल त्या दिवशी कोणी काय ऐकलं देव जाणे. मी काकांच्या मानेकडे बघत होते. ती वर होती.

गाव त्या दिवशी घरी जाऊन हंडे, बादल्या, पिंपं भरून बसलं. न जाणो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची स्कूटर भाजीवालीच्या मळ्यावर जाऊन थांबली. तिची मोटर व्यवस्थित चालू होती. काका बांधावर बसले आणि म्हणाले, “हं. दाखव.”

“काय दाखवू?”

“कोबी.”

भाजीवाली सांगते, तिला एवढा घाम कापणीतही आला नव्हता. काकांसमोर काकूंनी केलेले काका करायचे! पण सुटका नव्हती. तिने कोबी घेतला, फडकं खांद्यावर टाकलं आणि केलं. काकांनी सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, फडकं चुकलं. डाव्या खांद्यावर हवं. ती म्हणाली, अहो काका, तुमच्या तर आत्ताही उजव्यावरच आहे की. काका म्हणाले, माझं उजव्यावर. ती माझ्या समोर उभी राहायची ना टेबलापलीकडे. तिथून तिला आरशातल्यासारखं दिसायचं. तिने ते तसंच उचललं असणार. मग उठता उठता म्हणाले, मला वाटायचं ती पान्यांकडे बघते.

झालं. काकांचे फेरे सुरू झाले. आता गावात मोटर बिघडली की काका येतात, पेटी खाली ठेवतात, पण उघडत नाहीत. आधी घरातल्यांनी काकू करून दाखवायच्या. लाजरीबुजरी माणसं, ज्यांनी कधी कोणाच्या लग्नात दोन शब्द म्हटले नाहीत, ती आपल्या विहिरीवर उभी राहून ड्रमला कान लावतात, आणि काका स्टुलावर बसून सुधारणा सांगतात: मान एवढी नको, टकटक हलकी, थांबणं अजून लांब. सरांना तर त्यांनी पलंगावर निजवून स्वतः बाजूला उभं राहून सगळा प्रसंग दोनदा करायला लावला. सूनबाई आता काकांची स्कूटर ऐकली की मागच्या दाराने जाते. आमच्या ह्यांना काही केल्या जमत नाही. त्यामुळे आमची मोटर बरेच दिवस पोट उघडं टाकून अंगणात पडून आहे. ह्यांनी सरावही केला, आरशासमोर. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

माझ्याकडे काका सगळ्यांत जास्त आले, कारण साठा माझ्याकडेच. कुकर झाला, डबे झाले, सासूबाई झाल्या, बाळ झालं. काका ऐकायचे, आणि मध्येच एखाद्या वेळी म्हणायचे, “हे नवीन आहे,” आणि चेहरा असा व्हायचा, की जणू घरून कोणाचा तरी निरोप आलाय.

पण साठा म्हणजे विहीरच ती. परवा काका आले, स्टूल ओढून बसले, आणि मला काही उरलं नव्हतं. रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं? माझं डोकं आहेच तल्लख. मी म्हटलं, काका, एक राहिलंच की. एकदा काकूंनी भर रस्त्यात बसच्या इंजिनाला कान लावला होता. आणि केलं. कोणी नाट्यमंडळी काय करतील असं केलं. डोळे तिरळे केले, ओठ लोंबवला, एक पाय ओढत बसभोवती फेरी मारली, आणि शेवटी ड्रायव्हरची गचांडी धरून प्रश्न विचारला.

काका जराही हलले नाहीत.

“हे तिचं नाही,” म्हणाले. “हे तुझं आहे.”

मी म्हटलं, अहो काका, कशावरून? माझ्या डोळ्यांदेखत केलं त्यांनी.

“ती मला एवढं वेडं नाही करायची.”

“करायच्या हो. तुम्ही बघितलं कुठे होतं?”

“नाही करायची,” काका म्हणाले, आणि उठले. दोरीवर माझं फडकं वाळत होतं ते ओढून त्यांनी डाव्या खांद्यावर टाकलं. अंग जरासं आवळून घेतलं, एवढा मोठा माणूस, चिमणीएवढा झाला. मग एकदा मागे वळून बघितलं, आपण स्वतःच तर येत नाही ना याची खात्री करून घ्यायला. पुढे होऊन आमच्या उघड्या मोटरीला डोळे मिटून कान लावला. दोन बोटांनी टकटक, अगदी हलकी. आणि मग इतक्या खालच्या आवाजात त्यांनी तो प्रश्न विचारला, की एवढा बारीक आवाज या माणसाच्या गळ्यात आहे हे मला भिंतीपलीकडून कधी कळलं नव्हतं.

हुबेहूब काकू.

मी जी हसत सुटले ती आवरेना; भिंत गाठली. काय झालं म्हणून आतून हे धावत बाहेर आले. त्यांच्या पायांचा आवाज आला तसं काकांनी चटकन फडकं खांद्यावरून काढून मुठीत लपवलं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आभाळाकडे बघत उभे राहिले.